बाळंतपणाच्या कळांवर उतारा शोधणाऱ्या या डॉक्टरने पहिला प्रयोग स्वतःच्या घरात जेवणाच्या टेबलावर केला होता

आज बाळंतपणासाठी नाव नोंदवायला हॉस्पिटलमध्ये गेलं की पेनलेस डिलिव्हरी हा शब्द कानावर पडतोच. पाठीत एक बारीक नळी बसवायची, तिच्यातून थोडं थोडं औषध सोडायचं आणि कळांची तीव्रता कमी करायची, अशी ही पद्धत. पण घरात हा विषय निघाला की लगेच दोन पार्ट्या पडतात. एका पार्टीचं म्हणणं असतं की विज्ञान हाताशी असताना उगाच का सोसायचं? दुसऱ्या पार्टीला वाटतं की कळा सोसल्याशिवाय आईपण कसलं, आणि त्या इंजेक्शनने पुढे काही झालं तर?

गंमत म्हणजे हा वाद अगदी याच मुद्द्यांवर पावणेदोनशे वर्षांपूर्वीही झाला होता. तो सुरू करणाऱ्या माणसाचं नाव जेम्स यंग सिम्पसन. बाळंतपणात भूल देणारा पहिला डॉक्टर म्हणून जग त्यांना ओळखतं. आज बाळंतपणात ज्या पद्धतीने वेदना कमी करतात तिची मुळं शोधत मागे गेलं की आपण त्यांच्याच दारात पोचतो.

बेकरीवाल्याचा सातवा मुलगा

७ जून १८११ ला स्कॉटलंडमधल्या बाथगेट नावाच्या छोट्या गावात जेम्सचा जन्म झाला. वडील पाव भाजून विकायचे. घरात आधीच सहा मुलं आणि एक मुलगी होती, त्यात हे आठवं अपत्य. धंदा जेमतेम चालायचा. जेम्स नऊ वर्षांचा असताना आई गेली.

पोरगं अभ्यासात हुशार आहे हे घरच्यांनी ओळखलं होतं. मग भावंडांनी ठरवलं की आपण बेकरीत राबायचं, पण याला शिकवायचं. वयाच्या १४ व्या वर्षी जेम्स एडिनबरा विद्यापीठात दाखल झाला. पुढे तो वैद्यकीय शिक्षणाकडे वळला आणि तिथेच त्याचं आयुष्य बदलणारी गोष्ट घडली.

तेव्हा ऑपरेशनच्या वेळी भूल द्यायचं औषधच नव्हतं. पेशंटला टेबलावर दाबून धरायचं आणि सर्जनने जमेल तितक्या वेगाने कापाकापी उरकायची, अशी रीत होती. रॉबर्ट लिस्टन हे त्या काळातले सगळ्यात वेगवान सर्जन. एका गरीब बाईच्या स्तनाचं ऑपरेशन ते करत होते आणि विद्यार्थी सिम्पसन ते बघत होता. त्या बाईचे हाल त्याला बघवले नाहीत. चरित्रकार सांगतात की तो तिथून थेट कोर्टाकडे निघाला. डॉक्टरकी सोडून वकिलाच्या हाताखाली कारकून व्हायचं त्याने ठरवलं होतं.

पण तो परत आला. येताना एक प्रश्न मात्र कायमचा डोक्यात घेऊन आला. माणसाला एवढ्या यातना न देता ऑपरेशन करता येईल का?

एका मताने मिळालेली खुर्ची

१८३२ ला सिम्पसन एमडी झाले. सातच वर्षांनी एडिनबरा विद्यापीठात प्रसूतिशास्त्राच्या प्रोफेसरची जागा रिकामी झाली. सिम्पसन यांनी अर्ज भरला, पण त्यांच्या विरोधात दोन गोष्टी होत्या. एक म्हणजे वय फक्त २८. दुसरी म्हणजे लग्न झालेलं नव्हतं, आणि बाळंतपण शिकवणारा प्रोफेसर बिनलग्नाचा कसा चालेल असं लोकांना वाटत होतं.

वय वाढवणं काही त्यांच्या हातात नव्हतं, दुसरी अडचण मात्र त्यांनी सोडवली. डिसेंबर १८३९ मध्ये नात्यातल्याच जेसी ग्रिंडले यांच्याशी त्यांनी लग्न केलं. फेब्रुवारी १८४० मध्ये निवड झाली. निवड करायची होती शहराच्या नगर परिषदेने. मतं मोजली तेव्हा सिम्पसन यांना १७ आणि प्रतिस्पर्ध्याला १६ मतं पडली होती.

एका मताने मिळालेल्या या खुर्चीचं त्यांनी सोनं केलं. तोवर मेडिकल कॉलेजात प्रसूतिशास्त्राला दुय्यम विषय समजलं जायचं. सिम्पसन यांच्या वर्गाला मात्र विद्यार्थ्यांची गर्दी व्हायला लागली.

बॉस्टनहून बातमी आली

१६ ऑक्टोबर १८४६ ला अमेरिकेतल्या बॉस्टन शहरात विल्यम मॉर्टन या दातांच्या डॉक्टरने पेशंटला ईथर हुंगवलं आणि सर्जनने त्याच्या मानेवरची गाठ काढली. पेशंट ओरडला नाही. ही बातमी जहाजाने युरोपात पोचली आणि डिसेंबरमध्ये लंडनला त्याच रॉबर्ट लिस्टन यांनी ईथर देऊन एका माणसाचा पाय कापला.

सिम्पसन यांनी पुढचा विचार केला. ऑपरेशनमध्ये ईथर चालतं, तर बाळंतपणात का नाही?

इथे एक मोठी अडचण होती. भूल दिल्यावर गर्भाशयाचं आकुंचन थांबलं तर? कळाच थांबल्या तर बाळ बाहेर येणार कसं? याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं. १९ जानेवारी १८४७ ला सिम्पसन यांनी एका अवघडलेल्या बाईला बाळंतपणात ईथर दिलं. तिच्या कमरेच्या हाडाची ठेवण बिघडलेली होती, त्यामुळे बाळंतपण कठीण होतं. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की बाईला वेदना कळत नाहीत, पण गर्भाशयाचं काम सुरूच राहतं. वेदना आणि आकुंचन या दोन गोष्टी वेगळ्या करता येतात. हा सगळ्यात महत्त्वाचा शोध होता. आज जगभर बाळंतपणात जे वेदनाशमन केलं जातं ते याच पायावर उभं आहे.

त्याच सुमारास स्कॉटलंडमध्ये राणी व्हिक्टोरियाचे प्रसूतितज्ज्ञ म्हणून त्यांची नेमणूक झाली. एवढा मोठा मान मिळूनही भावाला लिहिलेल्या पत्रात त्यांनी कळवलं की राणीच्या कौतुकापेक्षा एका बाईचं बाळंतपण वेदनेशिवाय करता आलं याचंच त्यांना जास्त अप्रूप आहे.

जेवणाच्या टेबलावरचा प्रयोग

पण ईथरवर सिम्पसन समाधानी नव्हते. त्याचा वास उग्र, हुंगलं की खोकला यायचा आणि औषध खूप लागायचं. बाळंतपण तासन्‌तास चालतं आणि तेव्हा बहुतेक बायका घरीच बाळंत व्हायच्या. तिथे ईथरच्या बाटल्या किती नेणार?

मग त्यांनी दुसरं औषध शोधायला सुरुवात केली. पद्धत एकदम साधी आणि तितकीच धोकादायक होती. वेगवेगळी रसायनं आणायची आणि रात्री जेवण झालं की स्वतःच हुंगून बघायची. जॉर्ज कीथ आणि मॅथ्यूज डंकन हे दोन सहकारी डॉक्टर सोबतीला असायचे.

त्यात डेव्हिड वॉल्डी या रसायनतज्ज्ञाने त्यांना क्लोरोफॉर्मचं नाव सुचवलं होतं. हे रसायन १८३१ मध्येच सापडलं होतं, पण माणसाला भूल देण्यासाठी त्याचा उपयोग कुणी रुळवला नव्हता.

४ नोव्हेंबर १८४७ ची रात्र. एडिनबरामधल्या ५२, क्वीन स्ट्रीट या घरात जेवण झालं. तिघांनी ग्लासात थोडं थोडं क्लोरोफॉर्म ओतलं आणि हुंगलं. आधी तिघांना तरतरी आली, गप्पा रंगल्या, आवाज वाढले आणि थोड्याच वेळात तिघेही धाडकन खाली पडले. सिम्पसन शुद्धीवर आले तेव्हा ते जमिनीवर होते. डंकन खुर्चीखाली घोरत होते आणि कीथ टेबलाला लाथा मारत होते.

पहिलाच विचार त्यांच्या मनात आला तो असा, की हे ईथरपेक्षा कितीतरी जोरकस आहे. मग त्याच रात्री प्रयोग पुन्हा झाला. घरातल्या बायकांपैकी मिस पेट्री या तरुणीनेही हुंगून बघितलं आणि तीही झोपी गेली.

आजच्या नियमांत असा प्रयोग कुणी करू शकणार नाही. डोस थोडा जास्त झाला असता तर तिघांपैकी एखादा उठलाही नसता.

चार दिवसांनी पहिलं बाळंतपण

८ नोव्हेंबरला सिम्पसन यांनी बाळंतपणात पहिल्यांदा क्लोरोफॉर्म वापरलं. ती एका डॉक्टरची बायको होती. तिचं आधीचं बाळंतपण तीन दिवस चाललं होतं आणि शेवटी बाळाचं डोकं फोडून त्याला बाहेर काढावं लागलं होतं. सिझेरियन म्हणजे तेव्हा आईचा मृत्यूच, त्यामुळे अडलेल्या बाईला वाचवायला असे भयानक उपाय केले जायचे. आता ती दुसऱ्यांदा बाळंत होत होती. तिच्या मनात काय चाललं असेल याचा अंदाज करता येतो.

कळा सुरू होऊन साडेतीन तास झाल्यावर सिम्पसन यांनी रुमालाची गुंडाळी केली, त्यावर अर्धा चमचा क्लोरोफॉर्म टाकलं आणि तिच्या नाकाशी धरलं. साधारण २५ मिनिटांत बाळ जन्मलं. ती जागी झाली तेव्हा समोरची मुलगी आपलीच आहे यावर तिचा विश्वासच बसेना.

या मुलीचं नाव अॅनेस्थेशिया ठेवलं होतं, असा एक किस्सा नेटवर हमखास वाचायला मिळतो. तो खरा नाही. मुलीचं नाव विल्हेल्मिना होतं. सिम्पसन तिला गमतीने सेंट अॅनेस्थेशिया म्हणायचे, त्यावरून ही दंतकथा तयार झाली.

१० नोव्हेंबरला सिम्पसन यांनी एडिनबराच्या डॉक्टरांच्या सभेत हे सगळं मांडलं. घरातला प्रयोग ते जाहीर घोषणा, मध्ये फक्त सहा दिवस.

विरोध नेमका कुणाचा होता?

प्रचलित गोष्ट अशी आहे की चर्च सिम्पसन यांच्यावर तुटून पडलं. कारण बायबलमध्ये ईव्हला शाप आहे की तू वेदनेतच मुलं जन्माला घालशील. मग वेदना काढून टाकणं म्हणजे देवाच्या इच्छेविरुद्ध जाणं.

सिम्पसन स्वतः धार्मिक होते. डिसेंबर १८४७ मध्ये त्यांनी या आक्षेपांना उत्तर देणारी पुस्तिकाच छापली. त्यांचा युक्तिवाद बघण्यासारखा आहे. मूळ हिब्रू शब्दाचा अर्थ यातना नसून कष्ट किंवा जोर लावणं असा होतो, असं त्यांनी मांडलं. पुरुषालाही जमिनीत काटेकुटे उगवतील असा शाप आहे, मग शेतकरी तण काढतो तेव्हा ते पाप कसं होत नाही, हा दुसरा मुद्दा. तिसरा तर षटकारच होता. अॅडमची बरगडी काढायच्या आधी देवाने त्याला गाढ झोपवलं होतं. म्हणजे पहिलं भूल दिलेलं ऑपरेशन देवानेच केलं.

पण नंतरच्या इतिहासकारांनी तेव्हाची कागदपत्रं चाळली, तेव्हा चर्चचा संघटित विरोध असा फारसा सापडला नाही. बरेचसे आक्षेप येतील हे गृहीत धरून सिम्पसन यांनी आधीच उत्तर देऊन टाकलं होतं.

खरा विरोध आला तो डॉक्टरांकडून. अमेरिकेत फिलाडेल्फियाचे प्रोफेसर चार्ल्स मेग्स यांचं मत होतं की कळा हा आजार नाही, ती शरीराची नैसर्गिक क्रिया आहे. शिवाय चिमटा लावताना बाईला कुठे दुखतंय हे कळणं डॉक्टरला उपयोगी असतं, असं ते म्हणत. भुलीमुळे आईला किंवा बाळाला धोका झाला तर काय, हाही प्रश्न होता. आणि हा प्रश्न चुकीचा नव्हता.

१५ वर्षांच्या मुलीचा मृत्यू

२८ जानेवारी १८४८. इंग्लंडमध्ये न्यूकॅसलजवळ हॅना ग्रीनर या १५ वर्षांच्या मुलीच्या पायाचं नख काढायचं होतं. क्लोरोफॉर्म दिलं आणि काही मिनिटांत ती गेली. सिम्पसन यांच्या घोषणेला तीन महिनेही झाले नव्हते.

सिम्पसन यांनी क्लोरोफॉर्मला दोष द्यायला नकार दिला. शुद्धीवर आणायला तिच्या तोंडात पाणी आणि ब्रँडी घातली, त्यानेच ती गुदमरली असं त्यांचं म्हणणं होतं. पण पुढेही असे मृत्यू होत राहिले. क्लोरोफॉर्ममुळे हृदयाचे ठोके अचानक बिघडू शकतात हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सिद्ध झालं. यकृतावरही त्याचा वाईट परिणाम होतो. म्हणूनच आज भूल द्यायला क्लोरोफॉर्म वापरत नाहीत.

लंडनचे जॉन स्नो हे या बाबतीत जास्त सावध होते. कॉलराची साथ पाण्यातून पसरते हे दाखवणारे स्नो ते हेच. रुमालावर अंदाजाने औषध ओतण्यापेक्षा हवेत त्याचं प्रमाण किती आहे हे मोजून द्यावं, यासाठी त्यांनी उपकरणं बनवली. सिम्पसन यांनी दार उघडलं, पण सुरक्षित भूल कशी द्यायची याचं शास्त्र स्नो यांनी उभं केलं.

७ एप्रिल १८५३ ला स्नो यांनी राणी व्हिक्टोरियाला प्रिन्स लिओपोल्डच्या जन्माच्या वेळी ५३ मिनिटं क्लोरोफॉर्म दिलं. राणी खूश झाली. १८५७ मध्ये प्रिन्सेस बीअॅट्रिसच्या वेळीही तिने तेच घेतलं. राणीने घेतलं म्हटल्यावर इंग्लंडमधल्या श्रीमंत घरांतून मागणी वाढली. गरिबांच्या घरी ही सोय पोचायला मात्र पुढे कित्येक वर्षं गेली.

फक्त क्लोरोफॉर्म म्हणजे सिम्पसन नाही

बाळंतपणात वापरला जाणारा सिम्पसन यांच्या नावाचा चिमटा आजही प्रसूतितज्ज्ञांच्या हातात असतो. हवेच्या दाबाने बाळाचं डोकं ओढून घ्यायचं यंत्रही त्यांनी १८४९ मध्ये बनवून पाहिलं होतं. आजच्या व्हॅक्यूम डिलिव्हरीची ती सुरुवात.

आकड्यांवर त्यांचा विश्वास होता. हातपाय कापण्याची ऑपरेशनं मोठ्या हॉस्पिटलमध्ये झाली तर किती दगावतात आणि घरी झाली तर किती, याची माहिती त्यांनी शेकडो डॉक्टरांकडून मागवली. मोठ्या हॉस्पिटलमध्ये जास्त माणसं मरतात असं त्यातून दिसलं. बायकांनी डॉक्टर व्हावं याला त्यांचा पाठिंबा होता. अमेरिकेच्या एमिली ब्लॅकवेल यांनी १८५४ मध्ये त्यांच्या हाताखाली काम केलं होतं.

दुसरी बाजूही आहे. माणूस भांडखोर होता. जोसेफ लिस्टर यांनी जंतुनाशक वापरून ऑपरेशन करायची पद्धत आणली, तेव्हा सिम्पसन यांनी तिला कडाडून विरोध केला. वेदनेच्या बाबतीत जुन्या विचारांशी लढणारा हा माणूस जंतूंच्या बाबतीत स्वतःच नव्याच्या विरोधात उभा राहिला.

१८६६ मध्ये त्यांना बॅरोनेट हा किताब मिळाला. त्याच वर्षी त्यांचा डॉक्टर झालेला मोठा मुलगा आणि एक मुलगी काही आठवड्यांच्या अंतराने गेली. ६ मे १८७० ला वयाच्या ५८ व्या वर्षी सिम्पसन यांचं निधन झालं. लंडनच्या वेस्टमिन्स्टर अॅबेमध्ये जागा देऊ केली होती, पण घरच्यांनी त्यांना एडिनबरामध्येच पुरलं. अंत्ययात्रेला रस्त्यांवर प्रचंड गर्दी झाली होती.

भारताशी नातं

या गोष्टीचे दोन धागे भारतात येतात. क्लोरोफॉर्म सुचवणारे डेव्हिड वॉल्डी पुढे कोलकात्यात आले, तिथेच त्यांनी रसायनांचा व्यवसाय उभा केला.

दुसरा धागा हैदराबादचा. क्लोरोफॉर्मने माणूस मरतो तो श्वास थांबून की हृदय थांबून, यावर जगभर वाद चालू होता. तो मिटवायला निजामाच्या पैशाने १८८८ आणि १८८९ मध्ये हैदराबादला दोन क्लोरोफॉर्म कमिशन बसली. श्वास आधी थांबतो असा निष्कर्ष त्यांनी काढला. पुढे तो अपुरा ठरला, पण भूल देताना पेशंटच्या श्वासावर सतत लक्ष ठेवायचं हा धडा टिकला. या कामात रूपाबाई फर्दुनजी ही पारशी डॉक्टरही होती. जगातल्या सुरुवातीच्या महिला भूलतज्ज्ञांमध्ये त्यांचं नाव घेतलं जातं. पुढे शिकायला त्या गेल्या कुठे, तर सिम्पसन यांच्या एडिनबरालाच.

आज संशोधन कुठे आहे?

सिम्पसन यांच्या पद्धतीत आईची शुद्ध जायची आणि औषध बाळापर्यंतही पोचायचं. बाळाचं काय, हा प्रश्न पुढे न्यूयॉर्कच्या भूलतज्ज्ञ व्हर्जिनिया अपगार यांनी हातात घेतला. जन्मल्यावर मिनिटभरात बाळाचे ठोके, श्वास, रंग, हालचाल आणि प्रतिसाद बघून १० पैकी गुण द्यायची पद्धत त्यांनी १९५३ मध्ये छापली. आज आपल्याकडे बाळाच्या फाइलवर अपगार स्कोअर लिहिलेला असतो तो हाच.

आता वापरतात ते एपिड्युरल. यात आई जागी असते. कमरेजवळ मणक्यातल्या मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर बारीक नळी ठेवतात आणि तिथल्या नसा बधिर करतात. आधी औषध जास्त दिलं जायचं, त्यामुळे पाय जड व्हायचे आणि जोर लावणं अवघड जायचं. आता औषध कमी तीव्रतेचं असतं. पंपातून ठराविक वेळाने थोडा थोडा डोस सोडायची नवी पद्धत आली आहे. तिच्यात पायांची ताकद जास्त टिकते असं अभ्यासांत दिसलंय.

एपिड्युरलने सिझेरियन वाढतात का? २०१८ मध्ये कोक्रेन संस्थेने अनेक चाचण्या एकत्र तपासल्या. त्यात सिझेरियनचं प्रमाण वाढलेलं दिसलं नाही, कायमची पाठदुखी मागे लागते हेही दिसलं नाही. मात्र ब्लड प्रेशर उतरणं, ताप येणं, खाज सुटणं असे त्रास होऊ शकतात. क्वचित नळी बसवताना आवरणाला छिद्र पडलं तर काही दिवस डोकं खूप दुखतं. म्हणून हे काम भूलतज्ज्ञानेच करायचं असतं आणि आई-बाळावर सतत लक्ष ठेवावं लागतं.

२०२४ मध्ये बीएमजे या नियतकालिकात आलेला मोठा अभ्यास सिम्पसन यांच्याच स्कॉटलंडमधला आहे. २००७ ते २०१९ या काळातल्या ५ लाख ६७ हजारांहून जास्त बाळंतपणांच्या नोंदी त्यात तपासल्या. साधारण २२ टक्के बायकांनी एपिड्युरल घेतलं होतं आणि त्यांच्यात आईच्या जिवावर बेतणाऱ्या गंभीर गुंतागुंतीचा धोका ३५ टक्क्यांनी कमी दिसला. दिवस भरायच्या आधी बाळंत होणाऱ्या आणि आधीच जोखीम असलेल्या बायकांमध्ये फरक आणखी मोठा होता. हा नोंदींवरचा अभ्यास आहे, त्यामुळे सगळं श्रेय एपिड्युरललाच देता येत नाही. अशा बायकांवर लक्ष जास्त ठेवलं जातं, त्याचाही वाटा असू शकतो. पण वेदना कमी करणं म्हणजे नुसते लाड नाहीत, त्याचा आईच्या जिवाशीही संबंध असू शकतो, हे या आकड्यांनी पुढे आणलं.

एपिड्युरल घ्यायचं की नाही हे प्रत्येक बाईने आपल्या डॉक्टरांशी बोलून ठरवायचं. बिनइंजेक्शनचं बाळंतपणही तितकंच आईपणाचं. १८४७ च्या आधी मात्र असं काही ठरवायची सोयच नव्हती. तीन दिवस कळा दिलेल्या त्या बाईला कुणी विचारलं नव्हतं, आणि विचारून उपयोगही नव्हता, कारण द्यायला काही नव्हतंच. सिम्पसन यांचं क्लोरोफॉर्म केव्हाच मागे पडलं. निवडीचा तो हक्क मात्र मागे पडला नाही, आणि तो प्रत्येक हॉस्पिटलपर्यंत पोचवायचं काम अजून बाकी आहे.